दुर्मीळ पाहुण्याची नोंद कशी करावी?

ऑक्टोबरची काहिली सरत आली, की सह्याद्रीच्या माथ्यावरील गवत पिवळे पडू लागते. याच सुमारास लोणावळ्याच्या परिसरातील पठारांवर दुर्बिणी आणि लांब भिंगांचे कॅमेरे घेतलेली मंडळी दिसू लागतात. सायबेरियाच्या बाजूने निघालेला आणि आफ्रिकेकडे जाणारा अमूर ससाणा काही दिवसांसाठी या आसमंतात उतरतो, त्याला पाहण्यासाठी ही लगबग असते. पक्षी क्षणभर डोक्यावरून जातो, कोणीतरी 'अमूर, अमूर' असे ओरडते आणि वहीत नाव लिहिले जाते. तो खरोखरच अमूर ससाणा होता का, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या एका जुन्या वहीत अशीच एक ओळ आहे: 'लोणावळा, सकाळ, लहान ससाणा, बहुधा अमूर'. काही महिन्यांनी एका जाणत्या निरीक्षकाने ही ओळ वाचून तीन प्रश्न विचारले. पायांचा रंग कोणता होता? पंखाखालची बाजू कशी होती? पक्षी किती अंतरावर होता? यांपैकी एकाचेही उत्तर वहीत नव्हते आणि स्मरणातून दिलेल्या उत्तरावर विसंबण्यात अर्थ नव्हता. ती नोंद खोडावी लागली. कदाचित तो अमूर ससाणाच असेल. परंतु शास्त्राच्या दृष्टीने त्या सकाळी तेथे कोणीही नव्हते.

स्थलांतराच्या काळात अनपेक्षित पक्षी दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते आणि ओळख चुकण्याची शक्यताही तेव्हाच अधिक असते. पक्षी थांबत नाही, परत दिसेल याची खात्री नसते. म्हणूनच दुर्मीळ पक्षी दिसल्यावर काय पाहावे, काय लिहावे आणि ती माहिती कोठे द्यावी, याची माहिती प्रत्येक हौशी निरीक्षकाला असणे आवश्यक आहे.

पाहुण्याचा परिचय

अमूर ससाणा हा कबुतराहून लहान, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा शिकारी पक्षी आहे. रशियाचा अतिपूर्व भाग आणि ईशान्य चीन येथे त्याची वीण होते, तर तो हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिण भागात घालवतो. जाण्यायेण्याचा त्याचा वार्षिक प्रवास २० हजार किलोमीटरहून अधिक भरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँड, मणिपूर आदी ईशान्येकडील राज्यांत हे ससाणे प्रचंड संख्येने थांबतात. तेथून भारतीय द्वीपकल्प ओलांडून ते पश्चिम किनाऱ्याकडे येतात आणि ईशान्य वाऱ्यांचा आधार घेत थेट अरबी समुद्र पार करतात. आपल्याकडे तो साधारणपणे नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या सुरुवातीस दिसतो. नाकतोडे, चतुर आणि पंख फुटलेली वाळवी हे त्याचे वाटेवरील मुख्य खाद्य होय. समुद्र ओलांडण्यापूर्वी अंगात चरबी साठवणे त्याला भाग असते. त्यामुळे आपल्या पठारांवरील गवत आणि त्यातील कीटक ही त्याच्या दृष्टीने वाटेवरची शिदोरी असते.

आधी नेहमीचे पक्षी वगळा

ओळखीचा पहिला नियम असा, की दुर्मीळ नाव घेण्यापूर्वी नेहमीची नावे एकेक करून वगळावीत. हिवाळ्यात आपल्या माळरानांवर सर्वाधिक दिसणारा लहान ससाणा म्हणजे खरुची, अर्थात केस्ट्रल. तो हवेत एका जागी पंख फडफडवत स्थिर राहतो, त्यामुळे अनेकांना तेवढी एक खूण पुरेशी वाटते. परंतु अमूर ससाणाही तसाच स्थिर राहू शकतो. खरुचीची पाठ विटकरी तांबूस असते आणि पाय पिवळे असतात, हे पाहिले की पुष्कळसा गोंधळ मिटतो.

दुसरा संभ्रम युरेशियन हॉबी या ससाण्याशी होतो. त्याचे पंख लांब आणि कोयत्यासारखे वळलेले, वरचा भाग काळसर, छातीवर दाट उभ्या रेघा आणि मांड्या तांबूस असतात. अमूर ससाण्याची मादी आणि विशेषतः पहिल्याच प्रवासास निघालेली पिल्ले दुरून त्याच्यासारखी भासतात. येथे पायांचा रंग निर्णायक ठरतो. हॉबीचे पाय पिवळे, तर अमूरचे नारिंगी किंवा लालसर असतात.

प्रौढ नर ओळखणे त्या मानाने सोपे आहे. अंग राखाडी, मांड्या आणि शेपटीखालचा भाग गडद तांबूस, पाय व चोचीच्या मुळाशी असलेली कातडी नारिंगी-लाल, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंखाखालचे अस्तर शुभ्र पांढरे. उडताना पंखाची काळसर कडा आणि हे पांढरे अस्तर यांतील विरोध सहज नजरेत भरतो. मादीचे पोट फिकट असते, त्यावर गडद रेघा व आडव्या खुणा असतात आणि पंखाखालची बाजू पांढरट पार्श्वभूमीवर ठिपके-पट्ट्यांची असते.

पंखाच्या या अस्तराला एवढे महत्त्व देण्याचे कारण म्हणजे तिसरा संशयित. पूर्व युरोप आणि पश्चिम सायबेरियात वीण करणारा 'लाल पायांचा ससाणा' हा अमूरचा जवळचा भाऊबंद. तो भारतात अत्यंत दुर्मीळ आहे. त्याचा नर अमूरच्या नरासारखाच राखाडी व लाल पायांचा असतो, परंतु त्याच्या पंखाचे अस्तर गडद असते. मादीचे डोके व पोट नारिंगी-पिवळट असते. म्हणजे पायांचा रंग पाहून थांबणाऱ्या निरीक्षकास या दोघांत निवाडा करता येणार नाही. एखाद्याने खरोखरच हा दुर्मीळ ससाणा पाहिला आणि पंखाखालची बाजू लिहिली नाही, तर त्याची नोंद कोणी स्वीकारणार नाही, आणि ते योग्यच ठरेल.

नावे बदलतात, वर्णन टिकते

१८६३ मध्ये गुस्ताव रादे यांनी अमूर ससाण्याचे वर्णन केले, ते लाल पायांच्या ससाण्याचा एक प्रकार म्हणून. पुढे बराच काळ या दोघांना एकाच जातीत गणले जात असे. कालांतराने त्या स्वतंत्र जाती असल्याचे मान्य झाले. जुन्या वह्यांमध्ये केवळ 'लाल पायांचा ससाणा' एवढेच नाव लिहिलेले असेल, तर आज त्याचा अर्थ लावणे कठीण होते. ज्यांनी पंखाचे अस्तर पांढरे असल्याचे टिपून ठेवले, त्यांच्या नोंदी मात्र आजही उपयोगी पडतात.

हा केवळ इतिहास नव्हे. मुंबईच्या खाड्यांतील चिखलावर हिवाळ्यात धावताना दिसणारा 'लेसर सँड प्लोव्हर' हा लहान चिखल्या अलीकडेपर्यंत एकच जात समजला जात असे. २०२२-२३ च्या सुमारास प्रमुख जागतिक याद्यांनी त्याचे सायबेरियन आणि तिबेटी अशा दोन जातींत विभाजन केले. परिणामी कालपर्यंत सामान्य मानल्या गेलेल्या थव्यात आज एखादा दुर्मीळ पक्षी असू शकतो. तो शोधण्यासाठी जुन्या नोंदी चाळल्या, तर ज्या नोंदींसोबत छायाचित्र किंवा वर्णन आहे तेवढ्याच कामी येतात. नाव हा निरीक्षकाने काढलेला निष्कर्ष असतो, वर्णन हा पुरावा. निष्कर्ष पुढे बदलता येतो. न लिहिलेला पुरावा पुन्हा मिळवता येत नाही.

वहीत काय लिहावे?

पक्षी समोर असताना पुस्तक उघडू नये, त्याच्याकडे पाहावे. तो दिसेनासा होताच, कोणाशी चर्चा करण्यापूर्वी आणि चित्रे पाहण्यापूर्वी, पुढील गोष्टी जागच्या जागी लिहाव्यात:

- दिनांक, वेळ आणि पक्षी किती काळ दिसला ती मुदत.
- नेमके ठिकाण. 'लोणावळा' एवढे पुरेसे नाही. गावाचे, पठाराचे किंवा तळ्याचे नाव आणि शक्य असल्यास मोबाइलवरील अक्षांश-रेखांश द्यावेत.
- अंतर, प्रकाशाची दिशा आणि हवामान. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर कोणताही रंग काळाच दिसतो.
- कोणत्या साधनाने पाहिले: नुसत्या डोळ्यांनी, दुर्बिणीने की कॅमेऱ्यातून.
- आकार, तोही ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करून. 'मोठा' या शब्दाला अर्थ नाही. 'साळुंकीहून मोठा, घारीहून बराच लहान' याला आहे.
- चोच, पाय, डोके, छाती, पाठ, शेपटी आणि पंखांच्या दोन्ही बाजूंचा रंग. जो भाग दिसला नाही, तेथे 'दिसला नाही' असे स्पष्ट लिहावे.
- वर्तन: उडण्याची ढब, खाण्याची पद्धत, एकटा होता की थव्यात, सोबत कोणते पक्षी होते.
- आवाज ऐकला असल्यास त्याचे आपल्या शब्दांत वर्णन.
- सोबत असलेल्या निरीक्षकांनी स्वतंत्रपणे काय पाहिले.

एक वेगळे चौकोनी शीर्षक शंकेसाठी ठेवावे. कोणत्या दुसऱ्या जातीचा संशय येतो आणि ती का वगळली, हे ज्या नोंदीत लिहिलेले असते, त्या नोंदीवर परीक्षकांचा विश्वास अधिक बसतो. शेवटी निर्णय झाला नाही, तर 'ससाणा, जात अनिश्चित' असे लिहिण्यात कमीपणा नाही. ती खरी नोंद असते. चुकीच्या नावापेक्षा तिचे मोल निश्चितच अधिक आहे.

छायाचित्र: पुरावा आणि फसगत

डिजिटल कॅमेऱ्यांनी हौशी निरीक्षकांच्या हाती मोठे साधन दिले आहे. छायाचित्र सुंदर नसले तरी चालते. पंखाखालची बाजू दाखवणारे धूसर छायाचित्र फांदीवर ऐटीत बसलेल्या पक्ष्याच्या देखण्या छायाचित्राहून काही वेळा अधिक बोलके असते. म्हणून एकाच क्षणावर समाधान न मानता पक्ष्याची निरनिराळ्या बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कॅमेऱ्यातील घड्याळ व तारीख बरोबर आहे ना, हे आधीच तपासावे. मूळ फाइल जपून ठेवावी.

सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने अस्पष्ट छायाचित्र स्पष्ट करून देणारी साधने सहज उपलब्ध आहेत. ही साधने न दिसलेली पिसेही अंदाजाने रेखाटतात. पुरावा म्हणून अशी प्रतिमा निरुपयोगी ठरते. तीच गोष्ट मोबाइलवर छायाचित्र दाखवताच किंवा आवाज ऐकवताच पक्ष्याचे नाव सुचविणाऱ्या अॅपची. 'मर्लिन'सारखी अॅप्स शिकण्यास उत्तम आहेत. परंतु अॅपने सुचविलेल्या नावाला पक्ष्यावर दिसलेल्या खुणांचा आधार हवाच.

पायात कडे किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला, तर छायाचित्राचे महत्त्व अनेक पटींनी वाढते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) ही १८८३ मध्ये स्थापन झालेली संस्था अनेक दशके स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालत आली आहे. त्या कड्यावर क्रमांक असतो आणि तो संस्थेस कळवावा, असा मजकूर असतो. किनारी पक्ष्यांच्या पायांवरील पट्ट्यांच्या रंगांवरून व अक्षरांवरून ती पट्टी कोणत्या देशात बसवली गेली, हे कळते. कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, कोणत्या रंगावर कोणता रंग, हे क्रमाने लिहावे.

खोट्या नोंदीची किंमत

नोंद चुकल्याने काय बिघडते, असा प्रश्न काहींना पडेल. त्याचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका पक्ष्याच्या इतिहासात आहे. हा पक्षी स्थलांतर करणारा नाही, पण नोंदीचे महत्त्व त्याच्याइतके कोणी शिकवले नसेल. तो पक्षी म्हणजे रानपिंगळा.

१८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळ्याचा एकही खरा नमुना मिळाला नाही. संग्रहालयांत जगभर मिळून जेमतेम सात नमुने होते. याला अपवाद होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा. १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे आपण हा पक्षी मिळवला, असा त्यांचा दावा होता. पुढील काळात या पक्ष्याचा शोध घेणाऱ्यांना हा सर्वांत अलीकडचा धागा वाटला, यात नवल नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. तो डेव्हिडसन यांनीच मिळवलेला, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला आणि उसवून पुन्हा भरलेला नमुना असल्याचे निष्पन्न झाले. पक्षी खरा होता, त्याला लावलेली तारीख आणि ठिकाण खोटे होते. हा खोटा धागा बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी केवळ खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनंतर तो पुन्हा सापडला होता आणि तोही डेव्हिडसन यांच्या जुन्या चिठ्ठ्यांनी दाखविलेल्या मुलुखात.

डेव्हिडसन यांनी प्रामाणिकपणे लिहिलेले गावाचे नाव शतकाहून अधिक काळाने उपयोगी पडले. कीर्तीसाठी लिहिलेल्या एका खोट्या ओळीने शोध भलत्याच दिशेला नेला. आज आपण टाकलेली 'बहुधा अमूर' ही ओळ इतकी गंभीर नसेल. परंतु अशा हजारो ओळी एकत्र झाल्या, की पक्ष्यांच्या वावराचे चित्रच चुकते.

नोंद कोठे द्यावी?

वहीत राहिलेली नोंद वहीबरोबरच नष्ट होते. सर्वसामान्य निरीक्षकासाठी सध्या सर्वांत सोयीचे माध्यम म्हणजे २००२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने सुरू झालेले 'ईबर्ड'. तेथे नोंद विनामूल्य करता येते. एखाद्या ठिकाणी त्या हंगामात अनपेक्षित असलेला पक्षी वा अवाजवी संख्या नोंदवली, की वर्णन मागितले जाते आणि स्थानिक परीक्षक ते तपासतात. परीक्षकाने प्रश्न विचारला, तर तो अविश्वास समजू नये. वर उल्लेखलेले तीन प्रश्न तो विचारतो आणि ते विचारणे हेच त्याचे काम आहे.

केवळ दुर्मीळ पक्षी नोंदवून थांबू नये. त्या फेरीत दिसलेल्या सर्व पक्ष्यांची संपूर्ण यादी, वेळ आणि चाललेले अंतर द्यावे. कावळा, साळुंकी, घार यांच्या संख्येवरूनच कोणता पक्षी घटतो आहे, हे पुढे कळते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालासाठी सुमारे ३० हजार पक्षी निरीक्षकांच्या ३ कोटींच्या आसपास नोंदी वापरण्यात आल्या. त्यांतील बहुसंख्य निरीक्षक हौशी होते. राज्यासाठी किंवा देशासाठी अगदी नवीन अशी नोंद असेल, तर ती बीएनएचएसचे नियतकालिक किंवा 'इंडियन बर्ड्स' यांसारख्या ठिकाणी टिपणाच्या रूपात पाठवावी. तेथे तज्ज्ञांकडून तपासणी होते आणि नोंद कायमस्वरूपी ग्रथित होते.

पक्ष्याचे हित प्रथम

दुर्मीळ पक्ष्याची बातमी मोबाइलवरून तासाभरात शहरभर पसरते आणि दुसऱ्या दिवशी माळावर मोटारींची रांग लागते. हजारो किलोमीटर उडून आलेला, पुढे समुद्र ओलांडायचा असलेला पक्षी त्या गर्दीने वारंवार उडाला, तर त्याची साठवलेली ताकद व्यर्थ खर्च होते. छायाचित्रासाठी त्याचा पाठलाग करू नये, दगड मारून त्याला उडवू नये, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावू नये. घरटे किंवा रातथारा सापडल्यास त्याची नेमकी जागा जाहीर करू नये. काही संवेदनशील जातींच्या जागा ईबर्डही सार्वजनिक करीत नाही, त्यामागे हेच कारण आहे.

पावसाळी वाऱ्यांत भरकटून किनाऱ्यावर पडलेला समुद्रपक्षी किंवा जखमी ससाणा आढळल्यास त्याला पाणी पाजण्याचा, समुद्रात परत सोडण्याचा वा घरी नेण्याचा प्रयत्न करू नये. हवेशीर खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवून वनविभागास कळवावे.

नोंदीने वाचविलेला पक्षी

अमूर ससाण्याच्या बाबतीत नोंदीने काय साधले, हे नागालँडमध्ये दिसले. वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या जलाशयाभोवती हे ससाणे रात्री लाखोंनी उतरतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेथे पोहोचलेल्या पक्षी संरक्षण कार्यकर्त्यांना जाळ्यांत अडकवलेले आणि विक्रीसाठी बांधलेले ससाणे दिसले. दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी आरडाओरड करण्यापुरते न थांबता दिनांक व ठिकाणासह छायाचित्रे घेतली, चित्रीकरण केले, जाळ्यांची मोजदाद केली, गावकऱ्यांशी बोलून माहिती लिहून घेतली. ते पुरावे जगासमोर आल्यावर सरकार, संस्था, चर्च आणि ग्रामपरिषदा यांनी एकत्र येऊन शिकार थांबवली. २०१३ च्या हंगामात तेथे ससाण्यांची शिकार झाली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि परदेशी तज्ज्ञांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर अवघ्या पाच ग्रॅम वजनाची उपग्रह यंत्रे बसवली. त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावे देण्यात आली. पांगती हे दोयांगकाठच्या त्याच गावाचे नाव, जेथे वर्षभरापूर्वी जाळी लावली जात होती. भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रापलीकडे आफ्रिकेपर्यंतचा त्यांचा मार्ग जगाने नकाशावर पाहिला.

त्या मार्गाचा एक टप्पा आपल्या डोक्यावरून जातो. उपग्रह यंत्र लावलेले पक्षी मोजकेच असतात. उरलेल्या लाखोंची खबर देणारे डोळे पठारावर उभ्या असलेल्या सामान्य निरीक्षकाचेच. येत्या नोव्हेंबरात एखादा लहान ससाणा डोक्यावरून गेला, तर त्याचे नाव घेण्यापूर्वी पायांचा रंग पाहावा, पंखाचे अस्तर पाहावे, घड्याळ पाहावे आणि ते लगेच लिहून ठेवावे. नाव नंतरही ठरवता येईल.